जीपच्या मागल्या आसाची गोष्ट

पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकून कासार आंबोलीच्या दिशेने निघालो, की मला बैलगाडीच्या चाकांचे कौतुक वाटते. ती ओढली जातात, स्वतः ओढत नाहीत. म्हणून वळणावर बाहेरचे चाक अधिक पळते, आतले मंदावते, आणि कुणाचे काही बिघडत नाही. यंत्राने चाके फिरवायची म्हटल्यावर मात्र पंचाईत होते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळणावर एकाला फरफटत जावे लागणार!

ही अडचण फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर याने 1828 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी सोडवली. दातेरी चक्रांची त्याची ती जुळणी म्हणजेच आपला डिफरन्शियल. पुढे दुसऱ्या महायुद्धात जीप आली. 1945 साली महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी एक कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. माणसांच्या वाटा दुभंगल्या, तरी मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडले जाऊ लागले.

ही जोडणी म्हणजे नुसते बोल्ट आवळणे नव्हे. मागल्या आसात क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकत्रच घडवलेली असते. एकाची सोबत दुसऱ्याशी लावता येत नाही. दातांना रंग फासून ते कुठे टेकतात हे पाहायचे, पातळ चकत्या घालून दातांमधली मोकळीक इंचाच्या काही सहस्रांशांवर आणायची. मोकळीक कमी झाली तर दाते तापतात, जास्त झाली तर आदळतात. शिवाय पुढच्या आणि मागच्या आसांचे प्रमाण एकच हवे. युद्धकाळातल्या जीपमध्ये ते 4.88 होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात मधला दांडा जवळजवळ पाच वेळा फिरे. दोन्ही आसांचे प्रमाण जुळले नाही, तर चारी चाके जोडताच ते एकमेकांशी भांडू लागतात.

डिफरन्शियलचा न्याय मोठा कठोर आहे. दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो. मुळशीच्या भातखाचरात एक चाक चिखलात गरगरू लागले, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. गाडी जागच्या जागी! तेव्हा पुढला आस मदतीला धावतो. चार चाकांच्या ओढीचे मोल तिथे कळते.

मुसळधार पावसात ताम्हिणीचा घाट चढून एखादा आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला, तर आपण चालकाला दुवा देतो, डॉक्टरांचे आभार मानतो. त्यांच्याबरोबर, हाताला काळे तेल माखून ती पातळ चकती नेमकी बसवणाऱ्या कारागिराचीही आठवण ठेवावी, एवढेच माझे मागणे.