कोळशाचा उजेड आणि आकाशाचा अंधार

मजूर संघटनेच्या माणसाने मजुरी, बोनस आणि पाळ्या सोडून ताऱ्यांच्या छायाचित्रणावर बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु जी वस्तू सर्वांच्या मालकीची, ती कोणाच्या वाट्याला किती येते, हा आम्हा संघटनेच्या माणसांचा जुनाच प्रश्न आहे. रात्रीचे आकाश ही तशीच वस्तू होय, आणि हौशी छायाचित्रकाराचा कॅमेरा तिचा हिशेब ठेवीत आला आहे.

ह्या इतिहासाचे एक मोलाचे पान आपल्या विदर्भातच लिहिले गेले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या मुलखावरून गेली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उपकरणे मांडून बसले होते. इकडे वर्धा-बडनेरा लोहमार्गावरील तळणी ह्या लहानशा गावी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ह्या हौशी मंडळींच्या संस्थेचा तळ पडला होता. त्यांत अ‍ॅनी माँडर ह्या बाई होत्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर त्यांनी आकडेमोडीचे काम केले होते. १८९५ साली लग्न झाले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तळणीला दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा एक झोत टिपला. इतका लांब झोत त्यापूर्वी कोणत्याच छायाचित्रात उमटला नव्हता. पगार गेला होता, पण नजर आणि चिकाटी कोणी काढून घेतली नव्हती. ‘हौशी’ म्हणजे हलके, असे मानणाऱ्यांनी तळणीचे नाव ध्यानात ठेवावे.

त्या काळी काचेच्या पाट्या होत्या. आज अंकीय कॅमेरा आहे. हल्लीचा हौशी माणूस एकाच तेजोमेघाची शेकडो चित्रे घेतो आणि संगणकावर ती एकमेकांवर रचतो. शंभर चित्रे रचली की एका चित्रापेक्षा स्पष्टता सुमारे दहापट वाढते. परंतु शहराचा उजेड मध्ये आला की हा हिशेब फिरतो. आकाशाची पार्श्वभूमी दहापट उजळ झाली, तर त्याच दर्जाच्या चित्राला साधारण दहापट वेळ द्यावा लागतो. जंगलात एका तासात होणारे काम शहरात दहा तास मागते. आणि सकाळच्या पाळीला भोंग्यावर हजर राहणाऱ्या माणसाने हे दहा तास आणायचे कोठून? सोडियमच्या जुन्या दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या-नारिंगी रंगांत असे, म्हणून भिंगापुढे गाळणी लावून तो बराचसा अडवता येई. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे मोठ्या प्रमाणावर आले. त्यांनी वीज वाचवली हे खरेच, परंतु त्यांचा पांढरा उजेड सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे गाळणी त्यापुढे लंगडी पडते.

आता चंद्रपूरचे पाहा. येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. आमचा खाणकामगार कोळसा काढतो, त्या कोळशाची वीज होते, आणि त्या विजेचा एक भाग उघड्या दिव्यांतून आभाळात फुकट जातो. हवेतल्या धुळीला आपटून तोच उजेड परत फिरतो आणि ताऱ्यांवर पडदा ओढतो. म्हणजे घामाचा मालही गेला आणि आकाशही गेले!

पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात अजून आकाश आहे. गोंड समाज सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खाट पाहतो आणि मृगात नांगर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे ह्यांनी २०१३ साली गोंडांचे हे आकाशज्ञान प्रसिद्ध केले. परंतु तेथल्या अंधाराचे आम्ही कौतुक करणार नाही. जेथे वीज उशिरा पोचली, तेथे तो अंधार कोणी हौसेने ठेवलेला नव्हता. आणि ह्याच चंद्रपूर वीज केंद्राच्या परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्री काम संपवून घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराला वाघाने मारले. अशा वाटेवर ‘दिवे विझवा’ असे सांगायला कोणाची जीभ धजेल?

त्याच वर्षी २ एप्रिलच्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने गेले, आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. गावोगावच्या लोकांनी मोबाईलवर ते दृश्य टिपले होते. १८९८ साली परदेशातून आणावा लागलेला कॅमेरा आज मजुराच्या खिशात आहे. त्याला दाखवायला आकाश मात्र कमी होत चालले आहे. २०१६ च्या जागतिक नकाशाप्रमाणे पृथ्वीवरील एकतृतीयांशाहून अधिक माणसांना घरून आकाशगंगा दिसत नाही.

मग उपाय काय? तो आपल्या शेजारीच झाला आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी गावे अंधारात ढकलली नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा येथील शंभरावर दिव्यांची तोंडे जमिनीकडे केली. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला हे शिकवावे लागत नाही. त्याच्या टोपीवरचा दिवा जेथे काम आहे तेथेच उजेड टाकतो. उघडा दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्या कडेची सावली अधिकच गडद करतो. जनावर उभे असते ते त्या सावलीत. झाकलेला दिवा वाट दाखवतो आणि तारेही ठेवतो.

म्हणून कामगाराच्या वाटेवर दिवा हवा, आणि त्या दिव्याला टोपी हवी, ह्या दोन मागण्या एकाच अर्जात लिहिता येतात. तो अर्ज नगरपालिकेच्या टेबलावर ठेवण्याचे काम आकाशाची हौस असणाऱ्यांनी आणि संघटनेच्या माणसांनी मिळून करायचे आहे.