अजिंठ्याची छायाचित्रे आणि अंतरमापनाची साधने

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अभ्यासकास जुनी छायाचित्रे हे केवळ सोयीचे साहित्य नव्हे. नष्ट झालेल्या भागांपुरता तो पुष्कळदा उरलेला एकमेव पुरावा होय. रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांशी जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक 1885 मध्ये लंडन येथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मूळ चित्रांची झीज तर चालूच राहिली. अशा स्थितीत आपण छायाचित्राकडे वळतो आणि त्यातील अस्पष्ट रेषा पाहून ‘येथील रंग तेव्हाच उडाला होता’ असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष काढण्यापूर्वी कॅमेऱ्याचे भिंग त्या भिंतीवर नेमके कसे जुळविले गेले होते, हे पाहणे अवश्य आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

गिल यांच्या काळी प्रतिमा जुळविण्याचे साधन म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागील घासलेली काच. डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रकार तीवरील उलटी प्रतिमा न्याहाळी. लेण्याच्या आतील काळोखात ही प्रतिमा जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून अंधाऱ्या वास्तूत विषयाजवळ पेटती मेणबत्ती ठेवून तिच्या ज्योतीवर भिंग जुळविण्याची रीत होती. दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. कोलोडियनची ओली काच मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांनी प्रभावित होते, तर डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशात अधिक चांगले पाहतो. हे दोन्ही किरण एकाच ठिकाणी न आणणाऱ्या भिंगात डोळ्यास रेखीव दिसलेली प्रतिमा काचेवर मात्र पुसट उमटे. गिल व जेम्स फर्ग्युसन यांच्या 1864 च्या ग्रंथांत वास्तू व शिल्प यांचे प्राधान्य का आहे, हे या मर्यादा ध्यानी घेतल्यास उमगते.

त्याच वर्षीच्या शंभर द्विनेत्री चित्रांच्या संग्रहात मात्र पुढील साधनाचे तत्त्व दडलेले आहे. शेजारी ठेवलेल्या दोन भिंगांतून एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. या भेदास पराशय म्हणतात. रेंजफाइंडर अर्थात अंतरमापक याच भेदाचे मोजमाप करतो. त्याच्या दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा फिरत्या आरशाने एकमेकींवर आणल्या की अंतर कळते. कोडॅकने 1916 मध्ये भिंगास जोडलेला अंतरमापक एका कॅमेऱ्यात बसविला. 1925 च्या पहिल्या लायका कॅमेऱ्यासाठी तो वर अडकविण्याचे सुटे उपकरण म्हणून मिळे; त्यावर वाचलेले अंतर भिंगावर हाताने लावावे लागे. 1932 च्या लायका व कॉन्टॅक्स या कॅमेऱ्यांत तो भिंगाशी जोडला गेला.

या साधनाची अचूकता दोन खिडक्यांमधील अंतरावर अवलंबून असते. हे अंतर 5 सेंटिमीटर धरल्यास 2 मीटर व अडीच मीटर यांच्या कोनांत सुमारे 17 कलांचा फरक पडतो. 8 व 10 मीटर यांच्या कोनांत तो केवळ 4 कलांचा उरतो. म्हणजे समोरच्या भिंतीपुरते हे साधन विश्वसनीय, परंतु मोठ्या दालनाच्या पलीकडील टोकाबाबत ते दुबळे होय. शिवाय त्यास जुळविण्यास ठळक रेषा लागते, आणि पुसट झालेल्या चित्रात नेमकी तीच नसते. अजिंठ्यात आणखी एक विघ्न आहे. पूर्वीच्या संरक्षकांनी चित्रांवर दिलेल्या रोगणावर दिव्याची तिरीप चमकते. ते प्रतिबिंब आरशातल्याप्रमाणे भिंतीच्या मागे असल्याचा भास होतो. त्या तेजस्वी ठिपक्यावर भिंग जुळविल्यास खुद्द चित्र अस्पष्ट येते. अशा ठिकाणी साधी मोजपट्टीच अधिक प्रामाणिक ठरते.

गुलाम याझदानी यांचे 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध झालेले, छायाचित्रणावर आधारलेले चार भाग आज प्रमाण मानले जातात. त्यांचा व तत्सम संग्रहांचा उपयोग करताना पुढील कसोटी लावावी असे आम्हांस वाटते. गिलाव्याच्या भेगा चित्राच्याच पातळीत असतात. छायाचित्रात भेगा रेखीव आणि रंगरेषा पुसट असेल, तर झीज भिंतीवरील समजावी. भेगाही तितक्याच पुसट असतील, तर दोष प्रथम भिंग जुळविण्यात शोधावा. पुसटपणा एका बाजूकडे क्रमाक्रमाने वाढत असेल, तर कॅमेरा भिंतीशी समांतर नव्हता असे अनुमान करता येते.

ताम्रपटाचे वाचन करताना आपण अक्षर झिजले आहे की ठसा नीट उमटला नाही, हा प्रश्न प्रथम विचारतो. छायाचित्रालाही तोच न्याय लागू केला पाहिजे. नाही तर भिंगाच्या चुकीचा दोष आपण काळाच्या माथी मारू, आणि अजिंठ्याच्या ऱ्हासाचा इतिहास चुकीच्या तारखांनी लिहिला जाईल.