बोजा

विहिरीची गोष्ट सांगताना आजीचा हात आधी डोक्यावर जातो, जिथं चुंबळ असायची तिथं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या खोडदच्या मळ्यातली विहीर आटली. आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, विहीर खोल करायला तगाई, म्हणजे सरकारी शेतीकर्ज, काढली. तात्या आणि चुलते खाली खडक फोडत, आजी दगडमाती पाटीत भरून वर आणी. "तलाठ्यानं उताऱ्यावर बोजा चढवला तो तात्यांच्या नावावर," ती सांगते, "आन् पाटीतला माझ्या डोक्यावर."

तगाई फार जुनी. आमच्याच तालुक्यातल्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंतांना, पत्र लिहिलं. गावोगाव फिरा, कुणब्यांना गोळा करा, ज्याच्या अंगी कष्टाची ताकद आहे पण बैल नाहीत, त्याला बैलासाठी पैसे आणि पोटाला दाणे द्या. व्याज घेऊ नका, मुद्दलही त्याला झेपेल तसं वसूल करा, असा त्याचा आशय. तिथं आधी माणसाची कुवत पाहायची होती. पुढे इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची घडी बसवली. जमीन तारण झाली, आणि जमिनीला नाव चिकटलं ते घरच्या पुरुषाचं.

२०१९ मध्ये पीएम किसान आली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी'चे आणखी सहा हजार. बी-बियाणाच्या दिवसांत हे पैसे उपयोगी पडतात, ते मी पाहिलंय. पण यादी सातबाऱ्यावरून निघते. आमच्याकडे हप्ता तात्यांच्या खात्यात यायचा. ते गेले आणि हप्ता थांबला. मग वारस नोंद, फेरफार, ई-केवायसी. जन्मभर कांदा लावून, बाजरी खुडून आजीच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा उमटेना. तीन खेपा झाल्या. पन्नास वर्षं ती त्या रानात राबली होती, आणि आता शेतकरी असल्याचा पुरावा देत होती. मला ते फार लागलं.

हे दुखणं इथंच शेजारी कुणीतरी ओळखलं होतं. चाकणच्या कांदा आंदोलनातून उभे राहिलेले, आंबेठाणला शेती करणारे शरद जोशी नव्वदच्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' घेऊन गावोगाव गेले: जमीन बायकोच्या नावे करा. मागोमाग राज्य सरकारनंही सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचं नाव लावायची वाट काढली. मदत नावामागे जात असेल, तर राबणाऱ्या हातांचं नाव आधी कागदावर यायला हवं. हे सरकारनं करावं असं मला वाटतं. पण घरातून ते कुणी अडवलेलं नाही.

माझ्या वाट्याच्या रानावर बायकोचं नाव लागावं म्हणून मी अर्ज दिला. फेरफार मंजूर झाला तेव्हा उतारा आजीला वाचून दाखवला. नातसुनेचं नाव तिनं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "इतर हक्कात काय हाय?"

"काही नाही, कोरं आहे."

आजीचा हात डोक्यावर गेला. "नाव आलं," ती म्हणाली, "आन् बोजा न्हाई. बरं झालं."