घुमटाचे कातडे

गोमंतकीय वाद्यांमध्ये घुमटाइतके साधे वाद्य दुसरे क्वचितच असेल. कुंभाराने चाकावर घडवून भाजलेले मडके; त्याला दोन तोंडे, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधावयाचे व लहान तोंड उघडे ठेवावयाचे, एवढीच त्याची रचना. त्याला खुंट्या नाहीत, तारा नाहीत, सुतारकाम नाही. म्हणूनच ह्या वाद्याचा इतिहास दरबाराच्या दप्तरांत सापडत नाही. तो घराच्या ओसरीवर, दर वर्षी चतुर्थीपूर्वी उघडून बसलेल्या माणसांच्या हातांत शोधावा लागतो. त्या हातांनी काय केले व काय गमावले, ह्याचा मागोवा घेणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

घुमट वाजविताना वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप देतो आणि डाव्या हाताचा तळवा लहान तोंडावर ठेवून ते कधी झाकतो, कधी उघडतो. मडक्यात कोंडलेली हवा त्या तोंडावाटे आत-बाहेर आंदोलित होते. तोंड जितके झाकावे तितका नाद खाली उतरतो आणि उघडताच तो वर उसळतो. घुमटाचा तो ओळखीचा, हुंकारासारखा स्वर येतो तो ह्यामुळेच. कातड्याचा ताण आणि मडक्यातील हवा ह्या दोहोंचे जमले तर घुमट बोलते. एक जरी बिघडले तरी ते नुसते मडके उरते.

ह्या वाद्याची व्याप्ती पाहिली म्हणजे नवल वाटते. हिंदूंच्या घरी गणेशचतुर्थीला आरती म्हटली जाते ती घुमट, काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि कांसाळे ह्यांच्या साथीने, आणि त्या आरत्यांची भाषा बहुधा मराठी असते. देवळांतील सुवारीवादनात अनेक घुमटे एकदम घुमतात. शिगम्यातही त्याचे स्थान आहे. इकडे ख्रिस्ती समाजात मांडो गायिला जातो तो कोंकणीत, व्हायोलिन आणि घुमट ह्यांच्या संगतीने. इ. स. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नकार्यांतील ओव्यांसह अनेक देशी चालीरीतींस बंदी घातली होती. तरीही एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला तेव्हा युरोपीय व्हायोलिनच्या शेजारी येऊन बसले ते हेच मातीचे वाद्य. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कुडुबी समाजाने हे वाद्य बरोबर नेले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ते आजही होळीच्या दिवसांत ‘गुमटे’ ह्या नावाने वाजते. दोन धर्म, तीन भाषा आणि एक मडके, असा हा प्रकार आहे.

मडके कुंभाराचे खरे. डिचोलीसारख्या ठिकाणची कुंभारकी त्यासाठी प्रसिद्धच आहे. परंतु मडके विकत आणले म्हणजे घुमट झाले असे नव्हे. ते मढविण्याचे काम पुष्कळदा घरीच किंवा वाड्यातील एखाद्या जाणत्या हाताने होई. कातडे पाण्यात भिजवून मऊ करावयाचे, तोंडाहून मोठे असे गोल कापावयाचे, ते तोंडावर पसरून काठाखालच्या खोबणीत दोरीने आवळावयाचे, आणि मग चारी बाजूंनी कडा सारख्या ओढून घ्यावयाच्या. एका बाजूस अधिक ओढले तर नाद फाटतो. पुढे ते सावलीत सावकाश वाळू द्यावयाचे, कारण उन्हात घाई केली तर कातडे काठापाशी चिरते. वाळताना कातडे आक्रसते आणि आपला ताण आपणच घेते. त्यात यंत्र नाही, माप नाही; बोटांनी पारखण्याची समज आहे.

चतुर्थी येते ती भर पावसाळ्यात. दमट हवेने कातडे सैल पडते, म्हणून आरतीपूर्वी घुमट चुलीपाशी शेकण्याचा किंवा उघडीप मिळताच उन्हात ठेवण्याचा परिपाठ पडला. फाटलेले कातडे काढून नवे चढविणे हे तर वर्षाचे ठरलेले कामच होते. वाद्य दुरुस्तीला पाठविण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दुरुस्ती करणारा आणि वाजविणारा बहुधा एकच असे. मुलांना हे कोणी शिकवीत नसे. ती जवळ बसून दोरीचे टोक धरीत आणि तेवढ्याने पुढची पिढी तयार होई.

परंतु हे कातडे होते कशाचे? घोरपडीचे. पातळ, चिवट आणि बारीक खवल्यांचे असल्यामुळे ते थोड्या ताणातच खणखणीत बोले. मराठी वाचकाला घोरपड परकी नाही. सिंहगडाच्या कड्यावर चढलेल्या यशवंतीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि घोरपडे हे आडनावही आपल्या इतिहासात गाजले. मात्र गोमंतकातील घुमटामागे दर वेळी असा एक जीव जात होता, ह्याचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नाही. आम्हीही केला नाही, हे कबूल करणे भाग आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज ह्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. तिची शिकार करणे, तिच्या कातड्याचा व्यापार करणे किंवा रीतसर प्रमाणपत्राविना ते बाळगणे हा गुन्हा ठरतो. त्यास तीन वर्षांहून कमी नाही आणि सात वर्षांपर्यंत अशा कैदेची तरतूद आहे. धार्मिक कार्यासाठी वाद्य मढवावयाचे आहे, ही सबब त्यात चालत नाही. कायदा झाला म्हणून सवय त्याच दिवशी सुटली असे मात्र झाले नाही. बराच काळ जुनी कातडी जपून वापरली गेली, आणि चोरून नवीही मिळविली गेली. पूजेसाठी सजविलेल्या मखरासमोर भक्तिभावाने वाजविले जाणारे वाद्य लपवून ठेवावे लागावे, ही अवघडलेली स्थिती कित्येक घरांनी अनुभवली.

ह्या प्रसंगी दोन मते ऐकू येत. एक पक्ष म्हणे, घोरपडीचे कातडे नसेल तर ते घुमटच नव्हे. परंपरेला कायद्याने हात लावू नये. दुसरा म्हणे, असे वाद्य बंद पडले तरी चालेल. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्याने कातड्यालाच परंपरा मानले, आणि दुसऱ्याने पिढ्यानपिढ्यांचे नादज्ञान एका कातड्याबरोबर पुरून टाकण्याची तयारी दाखविली. घुमटाचे सत्त्व कशात आहे, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. त्याचे उत्तर वादविवादातून नव्हे, तर ओसरीवर बसलेल्या कारागिरांच्या खटपटीतून मिळाले.

बकऱ्याचे कातडे घेऊन पाहावे, ही कल्पना सुचणे कठीण नव्हते. ढोलकी-तबल्यांवर ते पूर्वीपासून चढत आलेच आहे. अवघड होते ते त्याला घुमटाचा आवाज देणे. बकऱ्याचे कातडे घोरपडीच्या मानाने जाड व जड. जड कातडे त्याच ताणात खालच्या स्वरात आणि मंद बोलते. म्हणजे त्याला अधिक ताणावे लागणार. अधिक ताणावयाचे तर दोरीची पकड घट्ट हवी आणि मडक्याचा काठही तेवढा मजबूत हवा. म्हणून कातडे कोवळ्या बकऱ्याचे निवडणे, केस काढून आतून-बाहेरून खरवडून ते पातळ करणे, ते पुन्हा पुन्हा ओढून बसविणे, अशा युक्त्या शोधाव्या लागल्या. कित्येक घुमटे पहिल्या खेपेला बोलली नाहीत. कोणाचे कातडे फाटले, कोणाच्या मडक्याचा काठ उडाला. परंतु जुन्या रीतीत जी बोटांची समज होती, तीच येथे कामी आली. ज्यांनी घरी कधी कातडे चढविले होते त्यांना नवे कातडे समजून घेता आले. ज्यांना तयार घुमटच ठाऊक होते ते मात्र अडून राहिले.

२०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. ही गोष्ट आनंदाचीच होय. आज घुमट-आरतीच्या स्पर्धा होतात, तरुण-तरुणींची पथके उभी राहतात, आणि बकऱ्याच्या कातड्याची घुमटे त्यांत निःसंकोच वाजतात. जाणकार अजूनही दोन्ही नादांतील फरक सांगतात, आणि तो फरक आहेच. तो नाकारण्याचे कारण नाही. पण मान्यतेचा ठराव दोरी आवळीत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तयार घुमट आणावे, सैल पडले की टाकून द्यावे आणि पुढच्या वर्षी दुसरे आणावे, अशी सोय आता वाढत आहे. त्यात वेळ वाचतो, पण ते घुमट सैल पडले तर का पडले, हे सांगणारा माणूस घरात उरत नाही. घोरपडीचे कातडे गेले तेव्हा घुमट टिकले, कारण मढविणारे हात शिल्लक होते. ते हात गेले तर पुढील अडचणीच्या वेळी कोणाकडे पाहावयाचे?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. ह्या वर्षी चतुर्थीपूर्वी ज्यांच्या घरी घुमट आहे त्यांनी ते बाहेर काढावे, मडक्यावर बोट वाजवून त्यास तडा नाही ना ते पाहावे, आणि कातडे बदलावयाचे असेल तर बकऱ्याचे आणून घरीच चढवावे. पहिला प्रयत्न फसेल, फसू द्यावा. मात्र दोरीचे दुसरे टोक धरण्यास घरातील एखाद्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवून घ्यावे.