पन्नासपैकी पन्नास

गेला विकांत गावी काढला. गाव म्हणजे शहागड, जालना जिल्हा, अंबड तालुका. सोलापूर-धुळे हायवेवर, गोदावरीच्या काठी. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या म्हणून अण्णांनी भाड्याने रोटाव्हेटर बोलावला होता. तासाभरात ट्रॅक्टरवाला "झालं बघा" म्हणून मोकळा. रान वरून कसं गुळगुळीत! अण्णांनी मात्र एक लोखंडी गज घेतला आणि दर दहा-बारा पावलांवर तो मातीत खुपसत चालले. एका ठिकाणी गज चार बोटांवरच अडला. तिथे जमीन जरा सखल होती. रोटाची पाती वरच्यावर गेली होती आणि मागच्या फळीने माती सारखी करून टाकली होती. "वरून दिसतंय तसं खाली नसतंय," एवढं बोलून अण्णांनी ट्रॅक्टर परत फिरवला.

मला एकदम भूसुरुंग काढणारी यंत्रं आठवली. (हसू नका, महिनाभर त्यावरच वाचतोय. :) )

या गोष्टीचा आपल्याकडचा धागा पुण्याला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सपाशी जातो. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आफ्रिकेत, गलाबात-मेतेम्माच्या पुढे, याच सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी काम सोडलं नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा यंत्र म्हणजे माणूसच.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, अल अलामेनला ब्रिटिशांनी 'स्कॉर्पियन' आणला. मूळ कल्पना अब्राहम द्यु ट्वा या दक्षिण आफ्रिकन माणसाची: माटिल्डा रणगाड्यापुढे फिरणारा रूळ, त्याला साखळ्या, आणि त्या साखळ्यांनी जमीन झोडपत जायचं. रूळ फिरवायला बाजूला वेगळं इंजिन. धूळ इतकी उडायची की आतली माणसं गॅस मास्क लावून बसायची. इंजिनं तापायची, बंद पडायची.

त्यातून धडे घेऊन 'शर्मन क्रॅब' झाला. ४३ साखळ्या, रूळ रणगाड्याच्या मुख्य इंजिनावर, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. पण पुढच्या आवृत्तीतली सुधारणा बघा: जमिनीच्या चढउताराप्रमाणे रूळ आपोआप वरखाली होण्याची सोय. का? खड्डा आला की साखळ्या वरून जायच्या आणि सुरुंग तसाच राहायचा. म्हणजे आमच्या रानातला तोच सखल तुकडा!

पण यंत्र सगळ्यांकडे नव्हतं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचेच सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, जखमी असताना ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग आणि अडथळे काढत राहिले. त्या मोहिमेत ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत पुढे गेले असं सांगतात. यंत्र होतं, पण सुरुंग बघणारे डोळे माणसाचेच. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

आज पुण्यात दिघीला डीआरडीओची आर अँड डीई (इंजिनियर्स) ही प्रयोगशाळा रणगाड्यापुढे जोडायचे ट्रॉल बनवते. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने टी-९० रणगाड्यांसाठी १,५१२ माइन प्लाऊंचं सुमारे ५५७ कोटींचं कंत्राट बीईएमएलला दिलं. प्लाऊ म्हणजे नांगरच. सुरुंग फोडायचा नाही, खणून बाजूला सारायचा.

इथे एक फरक लक्षात घ्या. सैन्याला लढाईत वाट हवी असते, लवकर. थोडा धोका उरला तरी चालवून घेतात. पण युद्ध संपल्यावर त्याच जमिनीत शेतकऱ्याला पेरायचं असतं, पोरं गुरं घेऊन जाणार असतात. तिथे 'बहुतेक निघाले' याला अर्थ नाही. १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानकांत आकडा होता ९९.६ टक्के, २० सेंटिमीटर खोलीपर्यंत. २००१ पासूनची नवी आंतरराष्ट्रीय मानकं टक्के सांगत नाहीत. ठरवलेल्या जागेतलं, ठरवलेल्या खोलीपर्यंतचं सगळं काढा म्हणतात.

मग यंत्र पास कसं करायचं? युरोपात २००४ साली त्यासाठी सीडब्ल्यूए १५०४४ नावाची पद्धत ठरली. वाळू, खडी आणि मातीचे पट्टे करायचे. प्रत्येकात वेगवेगळ्या खोलीवर ५०-५० नकली सुरुंग पुरायचे. यंत्र फिरवायचं आणि मग एकेक उकरून बघायचं: फुटला असता, तुटला, की जिवंत राहिला. शिवाय मातीत पातळ फायबरच्या फळ्या उभ्या पुरतात. त्या कुठपर्यंत कापल्या गेल्या यावरून यंत्राची खरी खोली कळते. अण्णांचा गजच की हा! याखेरीज खऱ्या स्फोटात यंत्र टिकतं का, ही चाचणी वेगळी.

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. समजा, ५० पैकी ५० निकामी झाले. शंभरात दोन सोडणारं यंत्रसुद्धा हा निकाल नुसत्या नशिबाने साधारण तीनात एकदा काढेल! ९९.६ टक्के आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर सुमारे ७५० पुरावे लागतील, आणि एकही सुटता कामा नये. गणित करून बघा.

म्हणूनच ते प्रमाणपत्र यंत्राचं असतं, जमिनीचं नाही. यंत्र फिरून गेल्यावर कुत्रे किंवा माणसं पुन्हा तपासतात, आणि त्यानंतरच जमीन परत देतात.

हे मला का लागलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका रिलीजचे सगळे टेस्ट पास होते. रिपोर्टवर सही माझी. सोमवारी सिस्टिम आडवी झाली. कुणाचा पाय गेला नाही, फक्त लोकांची बिलं चुकली. पण ज्या केसमुळे पडली ती मी लिहिलीच नव्हती. सखल तुकडा.

असो. रविवारी निघताना अण्णा गज गोठ्यात ठेवत होते. म्हटलं, "अण्णा, ट्रॅक्टरवाल्यावर विश्वास नाही का?" म्हणाले, "हाय की. पण पेरायचं मला हाय."