.४५ कोल्ट आणि .४५ स्कोफील्ड : नंबर एकच, तरी काडतूस बंदुकीत बसेना!

कागदावर दोन्ही काडतुसं ‘.४५’ची. म्हणजे गोळीचा व्यास जवळपास ०.४५ इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर. पण १८७०च्या दशकात अमेरिकेच्या घोडदळाला या दोघांनी चांगलंच अडचणीत आणलं.

१८७३ मध्ये अमेरिकन लष्कराने कोल्ट कंपनीचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. त्याच्या काडतुसाची पुंगळी सुमारे ३२.६ मिमी लांब. सुरुवातीला त्यात ४० ग्रेन काळी दारू भरत, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. मार जबरदस्त, पण रिकाम्या पुंगळ्या दांडीने ढकलून एकेक करून काढाव्या लागत. धावत्या घोड्यावर हे किती जिकिरीचं, याची कल्पनाच केलेली बरी.

मेजर जॉर्ज स्कोफील्ड यांनी स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुधारणा करून यावर उपाय काढला. हे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडलं की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडत. त्यासाठी पुंगळीच्या बुडाची कड रुंद हवी, नाहीतर बाहेर ढकलणारी चकती पकडणार कशाला? कोल्टच्या काडतुसाची कड अगदीच बारीक होती. शिवाय स्कोफील्डचं सिलिंडरही आखूड. म्हणून कंपनीने स्वतःचं काडतूस बनवलं. पुंगळी २८ मिमी, दारू २८ ग्रेन आणि गोळी २३० ग्रेन, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. कोल्टची गोळी २५५ ग्रेनची होती.

आता खरी गोम इथे होती. आखूड काडतूस कोल्टमध्ये चालायचं, लांब काडतूस मात्र स्कोफील्डमध्ये शिरायचंच नाही. एखाद्या तुकडीकडे स्कोफील्ड आणि हातात आलेल्या पेटीत कोल्टची काडतुसं, म्हणजे सहा खाने असूनही हातात नुसतं लोखंड!

लष्कराने मग सरळ मार्ग धरला. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये दोन्ही रिव्हॉल्व्हरना चालेल असं आखूड काडतूस बनू लागलं. घोटाळा मिटला, पण कोल्टवाल्या सैनिकांना जोर कमी असलेल्या काडतुसावर भागवावं लागलं. गंमत म्हणजे पुढे स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरच लष्करातून बाद झालं, आखूड काडतूस मात्र टिकलं.

बंदूकप्रेमी .४५ कोल्टला आजही ‘लाँग कोल्ट’ म्हणतात, ते या आखूड भावापासून वेगळं ओळखता यावं म्हणूनच.