घराची अब्रू आणि घरातला माणूस

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय वाढावा की नाही, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पण दिवाळी सगळ्याच घरांत सारखी उजाडत नाही. ज्या घरातले कोणी वर्षभरात गेले असेल, त्या घरी कढई चढत नाही. भावकीतली आणि शेजारपाजारची माणसे फराळाचे डबे घेऊन तेथे जातात, घटकाभर बसतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. आपल्याकडची ही फार शहाणी रीत आहे. मात्र गेलेल्या माणसाने स्वतःच जीव दिला असेल, तर तेच पाय उंबरठ्याशी अडखळतात. हे अडखळणे आजचे नव्हे. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली काही पाने परभणी जिल्ह्याच्या वाट्याला आली आहेत.

मराठी मनाला या इतिहासाची पहिली ओळख ज्ञानदेवांच्या घरात होते. आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले, आणि समाजाने त्यांना वाळीत टाकले. मुलांच्या मुंजी तरी व्हाव्यात म्हणून त्यांनी शास्त्री मंडळींपुढे हात जोडले, तेव्हा देहान्त प्रायश्चित्ताखेरीज उपाय नाही, असे उत्तर मिळाले. पुढे पतिपत्नींनी जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. तपशिलांत चरित्रकारांचे एकमत नाही. पण कथेचा गाभा सर्वांच्या परिचयाचा आहे. आईबापांनी एवढे देऊनही मुलांवरचा डाग पुसला गेला नाही. संन्याशाची पोरे हे बोल चारही भावंडांना ऐकावेच लागले. लोकलाजेने माणूस मागितला, आणि माणूस घेऊनही तिचे पोट भरले नाही.

त्याच काळातली दुसरी आठवण परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. हे संत जनाबाईंचे गाव. लहानपणीच पोरकी झालेली ही मुलगी पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या जात्याशी प्रत्यक्ष पांडुरंग दळायला बसतो, ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. पण तिच्यात एक साधी गरजही बोलते. एकटीने दळण ओढत नाही. समोर खुंट्याला हात लावणारे कोणीतरी लागते. पुढे कित्येक पिढ्या मराठी बायकांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचे मरण, सगळे काही त्या जात्यापाशी बोलून टाकले. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण पहाटेची ती मन मोकळे करण्याची जागाही गेली. पुरुषाला तर अशी जागा फारशी कधी नव्हतीच. रडणारा पुरुष म्हणजे बायकी, ही समजूत त्याच्या तोंडाला कुलूप घालून बसली होती.

इंग्रजांचा कायदा आला आणि पापाच्या जोडीला गुन्हाही आला. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम म्हणजे मरू पाहणाऱ्याला एक वर्षापर्यंतची साधी कैद. निजामी राज्य गेल्यानंतर हीच संहिता परभणीकडेही लागू झाली. ज्याला जगणेच नकोसे झाले होते, त्याला वाचल्याबद्दल शिक्षा! याचा परिणाम व्हायचा तोच झाला. दवाखान्यात आणलेल्या माणसाचे नातेवाईक ‘चुकून झाले’ एवढेच सांगू लागले. डॉक्टरने शरीर सांभाळले, पोलिसाने पंचनामा सांभाळला, घरच्यांनी अब्रू सांभाळली. मन मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

उपचाराची स्थितीही फार वेगळी नव्हती. निजामी राज्याचा वेड्यांचा दवाखाना जालन्याला होता, परभणीच्याच रेल्वेमार्गावर. लग्नाच्या वाटाघाटीत ‘त्यांच्या घरात वेड आहे’ एवढी कुजबुज सोयरीक मोडायला पुरे, म्हणून माणसे देवऋष्याकडे आधी जात आणि डॉक्टरकडे शेवटी. १९५३ मध्ये तो दवाखाना जालन्याहून हैदराबादेला एर्रगड्डा येथे गेला. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा मोठी सरकारी मनोरुग्णालये होती ती ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. पुढे कित्येक दशके मराठवाड्याच्या रुग्णाला लांबचा प्रवास चुकला नाही.

योगायोग असा की, त्याच १९५३ साली लंडनमध्ये चाड व्हराह नावाच्या एका पाद्र्याने निराळाच उद्योग मांडला. पूर्वी त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. पहिल्यांदा विटाळशी झाल्यावर आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला आहे, असे समजून त्या पोरीने जीव दिला होता. तिला विचारायला कोणीच नव्हते. व्हराहने आपल्या चर्चमध्ये टेलिफोन ठेवला आणि मरणाचे विचार येणाऱ्यांनी बोलावे, अशी जाहिरात केली. लवकरच त्याच्या ध्यानात आले की, येणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याचा उपदेश नको असे. चहाचा पेला पुढे करून मुकाट्याने ऐकणारे साधे लोकच त्यांना पुरत. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडे कायद्याची गाठ सुटायला बराच काळ गेला. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका मुंबईच्या पोलीस शिपायाने महापालिकेत दाद मिळेना म्हणून जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावर खटला झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या प्रकरणात ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाचा आशय असा की, अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज असते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याच्यावर खटला भरू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरवले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला. कायद्याला शहाणपण यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

दरम्यान मराठवाड्यावर दुष्काळामागून दुष्काळ आले, आणि कापूस-सोयाबीनच्या शिवारातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात परभणी होती. गावातली आशाताई घरोघर जाऊन विचारू लागली: झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का? ज्याची चिंता वाटली त्याला पुढे समुपदेशकाकडे, डॉक्टरकडे पाठवायचे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कर्ज, नापिकी आणि पडलेला भाव यांवर गोळीचा उतारा नाही. ते प्रश्न त्यांच्या जागी सोडवलेच पाहिजेत. पण कर्जाखाली दबलेला प्रत्येक माणूस मरणाकडे वळत नाही. जो एकटा पडतो त्याला धोका अधिक, आणि आशाताईचा प्रश्न त्या एकटेपणालाच हात घालतो. शेजारच्या विदर्भातल्या ३० खेड्यांत गावच्याच कार्यकर्त्यांनी असे काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. लोकांना बोलायचे असते. विचारणारे मिळत नाही.

‘असले विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल,’ ही भीती अनेकांना वाटते. ती खोटी आहे. सरळ, मायेने विचारले की माणसाचे ओझे हलके होते. मग त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवावीत, आणि आपण स्वतः सोबत जाऊन डॉक्टर गाठावा. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. कठीण घटका टळली की पुष्कळ माणसे टळतात, हेच त्यावरून दिसते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे; त्यावर दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येते. दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात तो लिहून ठेवावा.

कायद्याने आपला डाग पुसला. घराने आणि गावाने घातलेला डाग पुसणे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हातात नाही. अब्रू राखण्यासाठी दुखणे झाकायचे आणि त्यातच माणूस गमवायचा, हा सौदा विठ्ठलपंतांच्या काळापासून तोट्याचाच ठरला आहे. तेव्हा या दिवाळीत ज्या घरी जायला पाय अडखळतो, त्या घरी फराळाचा डबा पहिला पोचवावा. गेलेल्याचे नाव मोकळेपणी घ्यावे. कारण काय झाले, ते खोदून विचारू नये; मागे राहिलेले कसे आहेत, ते विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावे.